पॅनेलसमोरच्या चपला

"लाईट सोडा आपा, हात जोडतो." इब्राहीम सबस्टेशनच्या फाटकाची जाळी दोन्ही हातांनी हलवत होता. मोटारसायकल त्यानं रस्त्यातच आडवी टाकली होती. "ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय, बॅटरीबी उतरली. म्हातारा जीव, छातीत हवा जात नाय."

ऑपरेटर अमिना कंट्रोल रूमच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून वॉचमन कारभारीनं काठी घट्ट धरली.

तारेवर त्याचा पोरगा कडूबा होता.

कारभारी अजिंठ्याकडचा. लाईनमन पोरानंच शब्द टाकून त्याला गंगापूर रोडच्या या सबस्टेशनात नुकतं चिकटवलं होतं. दुपारी उसाच्या फडापलीकडं तार निसटली आणि लाईन बंद करून कडूबा दोन माणसं घेऊन ती बांधायला गेला.

इथली एक रीत होती. तारेवर जाणाऱ्यानं बूट चढवायचे आणि आपल्या चपला लाईनच्या बटणांच्या पॅनेलसमोर काढून ठेवायच्या. त्यानं स्वतः परत येऊन त्या पायांत घातल्याशिवाय लाईन सुरू करायची नाही. फोनवरचा निरोप चालायचा नाही, साहेबाचा हुकूमही नाही. कडूबाच्या चपला आत तशाच पडल्या होत्या.

"बोलतेय का?" अमिनानं विचारलं.

"नाय. ओठ काळे पडलेत."

"खिडकीपाशी बसवा. आडवं होऊ देऊ नका. ॲम्ब्युलन्सला मी फोन केलाय, वाळूजला अडकलीय म्हणतात."

दोघं एकाच मोहल्ल्यातली दिसतात, कारभारीनं ताडलं. म्हणजे तर कठीणच. ओळखीच्या माणसाची भीड भल्याभल्यांना मोडवत नाही, मग या पोरीची काय कथा?

"तू फडाकडं जा ना, उतरव त्यांना," तो इब्राहीमवर खेकसला.

"तिकडूनच आलो चाचा. शिवारभर हिंडलो, कुठल्या खांबावर हायत तेच कळंना. हाक बी पोचत नाय."

अमिनानं कडूबाला पुन्हा फोन लावला. फोन जीपमध्ये वाजत असणार, माणसं खांबावर. तिनं मान वळवून आत पॅनेलकडं पाहिलं.  कारभारी सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, याचं ऐकू नका. याची आई पिकलं पान हाय, आज ना उद्या गळायचंच. माझं पोरगं तरणंताठं हाय, घरात लेकरं हायत त्याची." त्यानं काठी दारात आडवी धरली. "तुमचं काय जातंय हो बटण दाबायला? तुमचं कोण अडकलंय ह्यात?"

अमिना त्याच्याकडं बघत राहिली.  मग तिनं कंट्रोल रूमचं दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कारभारीच्या हातात दिली.

"काका, ही धरा. आता कडूबाभाऊ आल्यावरच काढायची. तोवर कुणाला द्यायची नाही. मी मागितली तरी."

कारभारीनं किल्ली बंडीच्या आतल्या खिशात कोंबली. इब्राहीम आता फाटकावरून आत उतरला होता आणि त्यानं दगड उचलला होता.

"इब्राहीम, टाक तो," अमिना म्हणाली. त्यानं टाकला आणि भिंतीशी मटकन बसून लहान पोरासारखा रडू लागला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि अमिनाकडं मान वर केली. "डोळे उघडत नाय म्हणतात."

अमिना कारभारीसमोर आली. तिनं हात पुढं केला.

"द्या ती किल्ली."

"नाय."

"काका, द्या म्हणते ना."

"मागं सरा बाई, काठी बसंल." कारभारीनं खरंच काठी उगारली.  परक्याच्या रडण्यानं ही बाई पाघळली, आता पोराचं काही खरं नाही, या धास्तीनं त्यानं दुसरा हात खिशावर दाबून धरला. भद्रा मारुती, एवढी वेळ निभावून ने, तो मनात घोकू लागला.

अमिना पायरीवर बसली. ओढणीचा बोळा तिनं दातांत धरला आणि रस्त्याकडं डोळे लावले.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. जीप आली. उसाच्या पाचटानं माखलेला कडूबा उतरला. "बा, काठी कशाला?" त्यानं विचारलं.  कारभारीनं पोराचे दोन्ही दंड चाचपून पाहिले आणि किल्ली काढून दिली.

कडूबानं आत जाऊन बूट काढले, चपला घातल्या. "सगळे उतरलो. अर्थिंग काढलं. सोडा लाईन."

अमिनानं लाईन सोडली. बाहेर ट्रान्सफॉर्मर घुमू लागला, तसा कारभारीच्या जिवात जीव आला. मग आपण काय काय बोललो ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"भाऊ, पॅनेलपाशी थांबा," म्हणत अमिना धावत बाहेर आली. इब्राहीमनं मोटारसायकल उभी करून किक मारली होती. ती मागं बसली.

कारभारी लगबगीनं फाटक उघडायला गेला. "बाई, माझं बोलणं मनावर घेऊ नका, जीव टांगणीला लागला व्हता. अन् तुम्ही ड्युटी सोडून कशापायी जाता? त्याची आई, त्याचा तो बघंल."

"त्याची नाही, काका," अमिना म्हणाली. "माझी आई आहे ती."