बेटावरची सून

इनेजच्या मुलाने, रॉयडनने, जहाजावरची नोकरी सोडून कॅरिबियनमधल्या बेटावरच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून ती सुनेशी बोलली नव्हती. दुबईत अल कुसैसच्या तिच्या फ्लॅटवर त्याचा फोन आला की "जेवलास का?" एवढंच विचारायची. पण जूनमध्ये तो म्हणाला, "मम्मी, बाळ येतंय. ये ना," आणि ती कामाला होती त्या हॉटेलात तिने रजा टाकली. ती उतरली तेव्हा बेटावर पावसाळा नुकताच लागला होता; डोंगर, केळीच्या बागा, सगळं हिरवंगार निथळत होतं. विमानतळाबाहेर दिवस भरलेली सून इनेजच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजू लागली. इनेजला राहवेना. "अगं, अशा दिवसांत भिजतेस काय? आधी छत्रीत ये!" सुनेला मराठी कळेना. तिने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. "ओरडतेय तुला," रॉयडन हसत म्हणाला, "मलाही अशीच ओरडते." इकडे इनेज ओढणीने सुनेचं डोकं पुसत होती.