आलोच

"सहा महिने रोज चालताय, तरी साखर उतरत नाही?" डॉक्टरीणबाई पडद्यावरची नोंद बघत म्हणाल्या. "मग आता इंजेक्शनच सुरू करू."

टिळेकर चपापले. ती नोंद त्यांच्या घरातल्या बोलक्या घड्याळाने पाठवली होती. रोज साडेसहाला ते हाक मारायचं, "टिळेकर, फिरायला!" टिळेकर पांघरुणातूनच ओरडायचे, "आलोच!" आणि घड्याळ गप्प व्हायचं. त्याला कसं गुंडाळलं, म्हणून टिळेकर खूश.

व्याकरणाच्या पुस्तकावर पोसलेल्या घड्याळाने मात्र 'आलोच'मधला भूतकाळ तेवढा ऐकला होता आणि रोज इमानाने नोंद केली होती: फिरून आले.

खरंच चाललो असतो, तर आकडा किती आला असता? टिळेकरांना राहवेना. "एक महिना द्या, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हाक आली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. बूट घालून टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले आणि घामाघूम होऊन परतले.

"आलो," ते म्हणाले.

"शाबास! एकशे ब्याऐंशीवी फेरी."

"पहिली," टिळेकर धापा टाकत म्हणाले. "पहिली लिही."