ज्यावर भांडण, ते डब्यात

पाच मिनिटं पुन्हा वाढली. केल्विनने टेबलाखाली फोन चोरून पाहिला आणि मटणाचा तुकडा न चावताच गिळला. जपानी लिलावाची रीत त्याला पाठ होती. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली की वेळ आणखी पाच मिनिटं पुढे सरकते. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की लिलावाचं मारुतीचं शेपूट होतं.

केल्विन स्वतः बोली लावू शकत नव्हता. परदेशातल्या माणसाला तिथे थारा नाही. त्याच्या वतीने ओसाकाच्या मिझोगुचीबाई बोली लावत आणि फार अदबीने कळवत, ‘समोरच्या गृहस्थांनी पुन्हा वाढवलं आहे. आपला विचार काय?’ केल्विनचा विचार ठरलेला होता. एवढ्या पैशांत नवा फ्रिज आला असता, पण फ्रिजला तीन डोळे नसतात.

राक्षसाला होते. वीतभर उंचीचा, हिरवा, रबरी, पोटावर खवले असलेला राक्षस. केल्विनचे वडील व्हायाला गावच्या बंदरावर कामाला होते, तेव्हा एका जपानी जहाजाच्या आचाऱ्याने त्यांना तो दिला होता. राक्षस एक, मुलगे दोन. आठ दिवस घरात महायुद्ध झालं आणि नवव्या सकाळी राक्षस गायब. तो भावाने, रसेलनेच लंपास केला, याबद्दल केल्विनला गेली चाळीस वर्षं तिळमात्र शंका नव्हती. अकरा वर्षं तो जपानी लिलाव धुंडाळत होता. तसा राक्षस आज पहिल्यांदा विकायला आला होता आणि हातचा जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती.

आणि आजच नेमकं आईकडचं महिन्याचं रविवारचं जेवण. नोरीन ऐंशीची झाली तरी मटण स्वतः भाजायची आणि घरचा कायदाही स्वतःच चालवायची. मघाशी शेवटच्या बटाट्यावर दोघा भावांचे काटे एकदम पडले, तर तिने बटाटा उचलून कुत्र्याला घातला. “ज्यावर भांडण, ते कुणालाच नाही,” ती म्हणाली. कुत्र्याला हा कायदा फार आवडत असावा.

केल्विनने पुदिन्याच्या चटणीकडे हात नेता नेता दुसऱ्या हाताने मिझोगुचीबाईंना बोली वाढवायला कळवलं. समोर रसेलच्या खिशात काहीतरी किणकिणलं. रसेलने मांडीकडे पाहिलं, दबक्या आवाजात एक शिवी हासडली आणि क्रिकेटचा स्कोअर बघतोय म्हणाला. मिनिटभरात मिझोगुचीबाईंचा निरोप आला. समोरच्या गृहस्थांनी पुन्हा वाढवलं होतं.

केल्विनच्या मनात पाल चुकचुकली. त्याने पुन्हा बोली लावली आणि या वेळी नजर भावावरून हलवली नाही. खिसा किणकिणला. रसेलचे कान लाल झाले.

“तुझी बाई कुठली?” केल्विनने विचारलं.

“बाई नाही, कोबेचा एक माणूस आहे,” रसेल सहज बोलून गेला, आणि मग त्याचा घास घशातच राहिला.

पुढचं सगळं साहजिकच होतं. दोघे उभे राहिले. केल्विन म्हणाला, एकदा चोरलास तेवढ्याने पोट भरलं नाही का? रसेल म्हणाला, चोर तू, मी तर तेव्हा आठ दिवस रडत होतो. बोलता बोलता केल्विनने उलट्या हाताने आणखी एक बोली लावली. रसेलनेही खिशात हात घातला, पण मध्ये आईचा तळवा आला.

“फोन,” नोरीन म्हणाली. “दोघांचे.”

पन्नाशीला टेकलेल्या त्या दोन माणसांनी शाळकरी पोरांसारखे फोन तिच्या हातावर ठेवले. ती स्वयंपाकघरात गेली. स्टूल ओढल्याचा, कपाट उघडल्याचा आणि पत्र्याच्या झाकणाचा आवाज आला. परत येऊन तिने गोडाचं वाढलं. मलई आणि फळं घातलेला तो पांढरा डोंगर दोघांनी एकमेकांकडे न बघता संपवला. मधूनमधून बाहेरून टिंग ऐकू येई. मग तेही थांबलं.

शेवटी नोरीनने बिस्किटांचा जुना डबा आणून टेबलावर ठेवला. केल्विनने झाकण उघडून आपला फोन उचलला. मिझोगुचीबाईंनी लिहिलं होतं, ‘मनःपूर्वक अभिनंदन. राक्षस आपला झाला.’ त्याला ओरडावंसं वाटलं. पण रसेल डब्यात बघत होता, म्हणून त्यानेही बघितलं. तुटकी गलोल, चार गोट्या आणि त्यांच्यामध्ये उताणा पडलेला, तीन डोळ्यांचा, हिरवा.

डबा दोघांच्या माहितीतला होता. पण चोर दोघांनाही आधीच सापडलेला असल्यामुळे त्यात शोधायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“आई, तुझ्याकडे होता? चाळीस वर्षं?” केल्विनचा आवाज चिरकला.

“मला कुणी विचारलंच नाही,” नोरीन म्हणाली. “भांडण मिटलं की देणार होते.”

केल्विनला एकदम भरून आलं. चाळीस वर्षं त्याने विनाकारण भावाचा राग केला होता. त्याने रसेलच्या खांद्यावर हात ठेवला. रसेलने डोळे पुसले आणि सॉरी म्हणाला. केल्विनही सॉरी म्हणाला. आता तर राक्षस दोन होते, एकेकाला एकेक. इतकं सोपं गणित त्या घरात कधी सुटलं नव्हतं.

“मग तुला तो जपानचा,” रसेल म्हणाला, “मी हा घेतो.”

“हा का म्हणून? हा बाबांनी आणलेला आहे.”

दोघांचे हात एकदमच डब्यात गेले. नोरीनने ते चमच्याने बाजूला सारले, झाकण दाबून बसवलं आणि डबा काखेत मारून ती स्टुलाकडे निघाली.

“आणि केल्विन,” ती दारातून म्हणाली, “तो जपानचा आला की तोही इकडेच आणून दे.”