रिकामी फांदी

"अरे, तो मी नुसता दाखवायला काढला होता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

कविता होती पक्षी उडून गेल्यानंतरच्या झाडाची, आणि गटागटानं ती वाचून तिचं चित्र काढायचं होतं. कसला पक्षी, असं मागून कुणीतरी विचारलं आणि बाईंना नको तिथे हौस आली. त्यांनी फळ्यावर पक्षी काढला. घाईत एक पाय काढायचाच राहिला. झालं. पाचपैकी चार गटांनी कविता मिटून ठेवली आणि फळा उतरवून घेतला. चारही कागदांवर तोच पक्षी, तोही लंगडा.

पाचव्या गटाचं अजून भांडणच चाललं होतं. त्यांच्या कागदावर नुसती एक फांदी, पुन्हा पुन्हा गिरवलेली.

मुख्याध्यापिकांच्या मागे लागून लागून बाईंनी हा एक तास मिळवला होता. चित्रं पसंत पडली तर वर्षभर कविता अशाच शिकवायच्या, नाहीतर पुन्हा आपली प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. आणि त्या तासाचं हे असं मातेरं. बाईंना रडूच येत होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्याच. त्यांनी चारही कागद बघितले. "वा. सगळ्यांचं कसं एकसारखं. मला वाटलं, नुसता धुडगूस घालतील." पाचव्या गटापाशी मात्र त्या थबकल्या. "ह्यात पक्षी कुठंय?"

"तो गेला ना," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"आणि ही खाडाखोड?"

"फांदी हलतेय. तो आत्ताच उडालाय."

"कधीच उडालाय, मॅडम," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. "फांदी थांबलीय. हिला कळतच नाही."

मुख्याध्यापिका बाईंकडे वळल्या. "यांनाही फळ्यावरचा बघून काढू दे. मग पाचही चित्रं भिंतीवर लावू, आणि तुमचं वर्षभराचं नक्की समजा."

बाईंच्या अगदी ओठांवर 'हो' आलं होतं. त्यांनी डस्टर उचललं आणि पक्षी पुसून टाकला.

"बरं. मग उद्यापासून प्रश्नोत्तरं," एवढंच बोलून मुख्याध्यापिका निघून गेल्या.

वर्गात एकच कालवा झाला. "बाई, पुसलंत कशाला, आमचं शेपूट राहिलंय." बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. खडूची धूळ त्यांच्याच डोळ्यांत गेली.

डोळे चोळत असतानाच कुणीतरी त्यांची बाही ओढली. दोन वेण्यांची मुलगी कागद घेऊन उभी होती.

"बाई, ह्याला सांगा ना. फांदी अजून हलतेय."