हातावरचे दही

सन २०९१ मधली ही गोष्ट. चंद्रावरच्या वस्तीत लेकीचे दिवस भरत आले, म्हणून शर्वरीबाई चिपळूणहून निघाल्या. निघताना नणंदेने, ओवीताईंनी, रीतीप्रमाणे हातावर दही घातले आणि त्यांनी ते चाटून खाल्ले. घोळ तिथेच झाला.

वस्तीच्या दाराशी इमिग्रेशनच्या यंत्राने त्यांचे पोट तपासले.

"बाई, आत किती जण येणार?" खिडकीतल्या तावड्यांनी विचारले.

"डोळे आहेत ना? एकटीच."

"यंत्र म्हणतंय, तुमच्यासोबत चार कोटी आहेत. दह्यातले जंतू, नोंद नसलेले. इथे बाहेरच्या प्रत्येक जिवाला परवाना लागतो."

"अहो, पणजीपासून आमच्याच घरात वाढलेत ते!"

"मग तुम्ही त्यांच्या पालक. निकाल लागेपर्यंत सगळेच बाहेर."

"माझ्या लेकीला त्या दारापलीकडे कळा येताहेत! आमच्या वेळी बाळंतपणाला जायला एस.टी.चं तिकीट पुरायचं हो."

"ती आतली, बाई. तुम्ही बाहेरच्या."

जंतूंचा निकाल तीन आठवड्यांत लागला. ते वस्तीला उपयुक्त ठरले आणि त्यांना कायमचा परवाना मिळाला. शर्वरीबाईंचा उपयोग काय, हे ठरवायला मात्र कचेरीला चार वर्षे लागली. तावडे बढती घेऊन पृथ्वीवर परतले. ओवीताईंनी पुन्हा कुणाच्या हातावर दही घातले नाही. लेकीचे बाळंतपण शेजारणीने निभावले.

अखेर शर्वरीबाई लेकीच्या घरी पोचल्या, तेव्हा दार नातीने उघडले. त्यांना न्याहाळून ती आत ओरडली, "आई, कुणीतरी बाई आल्यात."