लेखकाचं नाव

"लेखकाचं नाव सांगा, म्हणजे तुमची सुटका होईल," सरकारी वकील तिसऱ्यांदा म्हणाले.

पिंजऱ्यातल्या बाई सत्तरीच्या होत्या. नवऱ्यामागे एकटीनं छापखाना चालवणाऱ्या. बोटांच्या पेरांत शाई अशी मुरलेली की आता ती निघायची नाही. "नाही सांगत," त्या म्हणाल्या. "आणि सारखं सारखं विचारू नका, घसा बसेल तुमचा."

मागे खसखस पिकली. वर बसलेल्या न्यायमूर्तींनी कागदांवरून मान वर केली नाही. पत्रक पुराव्यात आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते अजून त्यांनी पाहिलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी ते वाचायला घेतलं. गोरे जाऊन आपल्या माणसांचं सरकार येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि हे पत्रक शहरात घरोघर गेलं होतं.

"'चौकशीशिवाय माणसाला कोंडणारं सरकार कुणाचंही असो, ते भ्यालेलं असतं...'"

पुढचं वाक्य न्यायमूर्तींना पाठ होतं. सोळा वर्षांपूर्वी, वकिली करत असताना, त्यांनीच ते लिहिलं होतं. खाली नाव घातलं नव्हतं. तेव्हाही ते या बाईंनीच छापलं, गोऱ्या न्यायाधीशानं त्यांना हेच विचारलं, आणि तोंड न उघडता त्या नऊ महिने तुरुंगात गेल्या. 'तुम्ही बाहेर हवे आहात,' असं तेव्हा सहकारी न्यायमूर्तींना म्हणाले होते. ते त्यांना जरा लवकरच पटलं होतं. मग सभा, पुढारीपण, आणि आता ही खुर्ची.

बाईंनी सकाळपासून एकदाही वर पाहिलं नव्हतं. त्या मुद्दाम पाहत नाहीत, हे न्यायमूर्तींना आत्ता कळलं.

"साहेब, आरोपी उत्तर देत नाही याची नोंद व्हावी," सरकारी वकील म्हणाले.

"नोंद घ्या," न्यायमूर्ती लघुलेखकाला म्हणाले. "हे पत्रक मी लिहिलेलं आहे. सोळा वर्षांपूर्वी. त्यामुळे हा खटला मला चालवता येणार नाही, तो दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे जाईल. मी साक्षीला येईन. आरोपी करायचं असेल तर तसाही येईन."

लघुलेखकाची पेन्सिल अडली. "साहेब, हे सगळं लिहू?"

"शब्द न् शब्द."

ते उठले. बाहेर येईपर्यंत त्यांना कडकडून भूक लागली होती. अशी भूक किती वर्षांत लागली नव्हती!

सरकारी वकील टेलिफोनकडे धावले ते तासाभरानं परतले. चेहरा पडलेला. माजी पुढाऱ्याला पिंजऱ्यात उभं करायची सरकारची छाती झाली नव्हती. दुसऱ्या न्यायमूर्तींसमोर खटला मागे घेतला गेला आणि बाई सुटल्या.

न्यायमूर्ती व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. बाई येऊन शेजारी टेकल्या.

"फार उशीर केला मी, बाई."

"केलात खरा."

न्यायमूर्तींनी विचारलं, "पण तेच पत्रक परत का छापलंत?"

"नवं कुणी लिहून देईना. सगळे तुमच्यासारखे मोठे झालेत." बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि एक सांगते. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका होत्या. तुमचं नाव सांगितलं असतं, तर वकिली बुडाली असती तुमची."

न्यायमूर्ती एवढ्या मोठ्यानं हसले की दारावरच्या शिपायानं वळून पाहिलं.

"आता नवं द्या," बाई उठत म्हणाल्या. "पण नीट तपासून."