नवसाचा पाय

टोंकखुर्दहून देवासच्या दवाखान्यात सासूबाईंना रोज आणता-आणता जया पार थकून गेली होती. शुगरमुळे भवानीबाईंचे तळवे इतके बधिर झाले होते, की उजव्या पायात खिळा घुसला तरी दोन दिवस त्यांना पत्ता नव्हता. जखम चिघळली. मग रोज तो पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा, नळीने आत जखम भरणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडायचा आणि जयाने शेजारी तासभर जांभया देत बसायचं. दीड महिन्याने एकदाची जखम भरली.

"आता चपलेशिवाय एक पाऊल टाकायचं नाही," वायूच्या मशीनवरच्या अंशुलने बजावलं.

परतताना भवानीबाईंनी देवीच्या टेकरीपाशी रिक्षा थांबवली आणि चपला काढून जयाच्या हातात दिल्या.

"पाय बरा झाला की अनवाणी चढेन, असं तुळजाभवानीला बोललेय. नवसाला कुणी चपला घालून जातं का?"

वैशाखातली भर दुपार, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. जया अडवून अडवून दमली आणि शेवटी चपला हातात धरून मागे चालू लागली.

दर्शन करून खाली आल्यावर सासूबाईंचा चेहरा नुसता उजळला होता. "बघ सूनबाई, एवढ्या उन्हात जरासुद्धा चटका बसला नाही. आईची कृपा!"

जयाने वाकून त्यांचे तळवे पाहिले आणि रिक्षा पुन्हा दवाखान्याकडे वळवली.

अंशुल मशीन पुसत होता. "काही विसरलं का, वहिनी?"

 

"नाही, भिया. आता दोन पिशव्या लागतील."